मधपेटीचा बारा महिन्यांचा हिशोब

मधमाशीपालनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका पेटीतून किती मध निघतो?" त्याच्या मागोमाग दुसरा, "किलोला भाव काय?" मग विचारणारा मनातल्या मनात दोन्ही आकड्यांचा गुणाकार करतो, त्याला पन्नास नाहीतर शंभर पेट्यांनी गुणतो आणि त्याचा चेहरा खुलतो. असा गुणाकार करणारी माणसं मला दर हिवाळ्यात भेटतात. त्यातली बरीच जण पुढचा पावसाळा सरला की रिकाम्या पेट्या विकायला काढतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. त्यांचा गुणाकार चुकलेला नसतो, पण तो वर्षातल्या तीन-चार महिन्यांचाच असतो. उरलेल्या महिन्यांत माशा खातात, मरतात, उडून जातात, त्यांना गाडीत घालून दुसऱ्या शिवारात न्यावं लागतं. तो खर्च कुणीच मोजलेला नसतो.

माझ्या माहेरी, जावळीच्या खोऱ्यात, आबांच्या सातेरी माशीच्या दहा पेट्या आहेत. सासर फलटणकडचं, तिथे आम्ही घरचे मिळून मेलिफेरा माशीच्या पन्नासेक पेट्या सांभाळतो. जिल्हा एकच, सातारा. पण दोन्हीकडचं अर्थकारण इतकं निराळं आहे की एकीकडचा अनुभव दुसरीकडे कामाला येत नाही. म्हणून आधी माशीबद्दल, पैशांचं मग.

आपल्या भागात आग्या, फुलोरी, सातेरी आणि मेलिफेरा या मध देणाऱ्या चार माशा. आग्या माशी उंच झाडाला, कड्याला किंवा इमारतीच्या छज्जाला उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लटकवते. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते. या दोघी उजेडात राहणाऱ्या, पेटीत कोंडून राहत नाहीत, त्यामुळे त्यांचं पालन होत नाही. सातेरी आपली देशी माशी. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाला एक समांतर पोळी बांधते, म्हणून पेटीत राहते. चौथी मेलिफेरा, जिला लोक इटालियन माशी म्हणतात. ती १९६२ साली आजच्या हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा इथे भारतात यशस्वीपणे रुजवली गेली आणि पंजाब-हरियाणातून हळूहळू देशभर पसरली.

सातेरीची पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. मेलिफेराची पेटी फुलोऱ्यामागे फिरवली तर पंचवीस-तीस किलोपर्यंत, चांगल्या सालात त्याहून जास्तही. आकडा ऐकून सगळे मेलिफेराकडे धावतात. पण "फिरवली तर" हे दोन शब्द त्यात फार महागाचे आहेत. मेलिफेराची वसाहत मोठी, तिचा खुराकही मोठा. एका गावात ठेवून दिली तर फुलं संपल्यावर ती स्वतःचाच साठवलेला मध खाते, आणि तो संपला की उपाशी मरते. सातेरी कमी फुलांत भागवते, डोंगरातल्या विखुरलेल्या झाडांवर जगते, थंडी-पावसाची तिला सवय आहे. तिचा स्वभाव मात्र बिचकणारा. त्रास झाला, भूक लागली, मुंग्या शिरल्या की राणीसकट सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. सकाळी जाऊन बघावं तर आत नुसती पोळी.

रोगाचंही बघावं लागतं. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. अळ्या पोळ्यातच पाणी भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरत. हजारो घरांचं जोडउत्पन्न एका हंगामात गेलं. मेलिफेराच्या मागे व्हरोआ नावाचा कोळी असतो, तांबूस आणि मोहरीच्या दाण्याहून बारीक. तो अळ्यांना आणि माशांना चिकटून त्यांना पोखरतो. ज्यांच्या हिशोबात मरतुकीचा रकाना नाही, त्यांनी हिशोब पुन्हा मांडावा.

आता पेटीकडे. लाकडी खोका काय, सुतार बनवून देतो, असं अनेकांना वाटतं. पण पेटी म्हणजे मोजमाप आहे. १८५१ साली लॅंगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळं आणि भिंतीमध्ये साधारण सहा ते नऊ मिलिमीटर फट ठेवली तर माशा ती जाण्या-येण्यासाठी मोकळी सोडतात. जास्त जागा ठेवली तर तिथे जादा पोळं बांधतात, कमी ठेवली तर राळेने बुजवतात. या एका निरीक्षणावर सुटी चौकट उभी राहिली, जिच्यात माशा पोळं बांधतात. चौकट उचलता येते, मध काढून परत ठेवता येते.

यात पैसा कुठे आला? एक किलो मेण तयार करायला माशांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असं सर्वसाधारणपणे मानतात. पोळं कापून पिळून मध काढला की मेणही गेलं. माशा पुन्हा पहिल्यापासून बांधकामाला लागणार आणि फुलोऱ्याचे मोलाचे दिवस त्यात जाणार. चौकट मधयंत्रात गरागरा फिरवली की मध भिंतीवर उडून खाली जमतो आणि पोळं शाबूत राहतं. तेच पोळं परत पेटीत ठेवलं की माशा दुसऱ्या दिवसापासून ते भरायला लागतात. म्हणून जुनं, चांगलं बांधलेलं पोळं ही मधपाळाची खरी ठेव असते. पेट्या रिकाम्या असताना मेणकिडा लागून पोळ्यांची जाळी झाली, तर पुढच्या हंगामातला निम्मा मध गेला असंच समजायचं.

चाळीस दिवस आधी

या धंद्यातली सगळ्यात कमी समजलेली गोष्ट वेळेची आहे.

मेलिफेराची कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला २१ दिवस घेते. त्यानंतरचे सुमारे तीन आठवडे ती पेटीतच राबते. कोठड्या साफ करते, अळ्यांना भरवते, मेण काढते, दाराशी पहारा देते. मग ती बाहेर पडून फुलांवर जायला लागते आणि हंगामाच्या धावपळीत आणखी तीनेक आठवडे जगते. म्हणजे आज जी माशी फुलावरून मकरंद आणते आहे, तिचं अंडं राणीने जवळजवळ चाळीस दिवसांपूर्वी घातलेलं असतं.

तुमच्या भागात सूर्यफूल १ फेब्रुवारीला फुलणार असेल, तर त्या फुलांवर जाणाऱ्या माशांची अंडी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पडायला हवीत. राणी अंडी केव्हा घालते? बाहेरून पराग आणि मकरंद येत असेल तेव्हा. येत नसेल तर ती हात आखडता घेते. म्हणून जाणता मधपाळ फुलोऱ्याच्या दीड महिना आधी साखरेचा पातळ पाक द्यायला लागतो, परागाची सोय बघतो, म्हातारी राणी बदलतो. नवखा माणूस फुलं दिसल्यावर जागा होतो. मग त्याची वसाहत फुलोऱ्यावरच वाढते, पेटी माशांनी गच्च भरते आणि तोवर फुलं सुकलेली असतात. माशा भरपूर, मध नाही.

दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली. दोन अशक्त वसाहतींचं काम एका सशक्त वसाहतीएवढं होत नाही. कुठल्याही पेटीत घरकामाला आणि अळ्या ऊबेत ठेवायला ठरावीक माशा लागतातच. वसाहत लहान असेल तर जवळपास सगळ्या त्यातच अडकतात, बाहेर जायला थोड्याच उरतात. वसाहत मोठी झाली की घरचं भागवून उरलेल्या सगळ्या बाहेर. म्हणून दहा चौकटी माशांनी भरलेली पेटी पाच चौकटींच्या पेटीच्या दुपटीहून जास्त मध देते. पेट्यांची संख्या सांगून कुणी फुशारकी मारायला लागला की मी विचारते, माशांनी भरलेल्या चौकटी किती?

हे आम्ही पैसे मोजून शिकलो. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याकडून आठ चौकटींच्या म्हणून वसाहती आणल्या. पेटीत आठ चौकटी होत्या, हे खरं. पण माशा पाचांवरच होत्या, त्याही एका बाजूने. वसाहत घेताना चौकट उचलून दोन्ही अंगांनी माशांनी झाकलेली आहे का ते बघायचं असतं. निदान चार-पाच चौकटींत पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि झाकलेले कोश, दिसायला हवा. पिलावा मधोमध सलग असला तर राणी चांगली. मधेमधे भोकं पडल्यासारखा दिसला तर राणी थकलेली किंवा रोग. व्यवहार दिवसाउजेडी करायचा. आम्ही संध्याकाळी केला होता, सगळ्या माशा घरी परतल्यावर. तेव्हा कुठलीही पेटी भरलेलीच दिसते.

पन्नास पेट्यांचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घेऊ. दर गावोगावी आणि सालोसाल बदलतात, तेव्हा हे आकडे मांडणी कशी करायची ते दिसावं म्हणून धरलेले आहेत. तुमच्या भागातले दर घालून तुम्ही पुन्हा मांडा.

माशांसकट मेलिफेराची एक पेटी साडेचार हजार धरली, तर पन्नास पेट्यांचे २,२५,००० रुपये. मधयंत्र, धुराडं, जाळीच्या टोप्या, सुऱ्या, स्टँड, मधाचे डबे मिळून आणखी २५,०००. म्हणजे भांडवल अडीच लाख.

वर्षाचा खर्च. पावसाळ्यात आणि फुलांच्या खंडात पेटीमागे १२ किलो साखर, म्हणजे ६०० किलो. ४४ रुपयांनी २६,४०० रुपये. वर्षात चार वेळा स्थलांतर, पिकअपच्या एका खेपेला पंधरा हजार, म्हणजे ६०,०००. शेतात पेट्यांपाशी राहायला माणूस, सहा महिने, महिना १२,००० प्रमाणे ७२,०००. चौकटी, मेणपत्रे, किरकोळ दुरुस्ती, औषध १५,०००. वसाहतींपैकी सात-आठ दर वर्षी दगावतात असं धरून त्या भरून काढायला १५,०००. एकूण १,८८,४०० रुपये.

मध पेटीमागे २५ किलो, म्हणजे १,२५० किलो. आता बघा. सगळा मध डब्यांत भरून ठोक व्यापाऱ्याला ११० रुपये किलोने दिला तर हातात येतात १,३७,५००. तोटा ५०,९०० रुपयांचा. मध कमी निघाला नाही, माशा फार मेल्या नाहीत, सगळं ठरल्याप्रमाणे झालं आणि तरीही तोटा. आमचं पहिलं वर्ष असंच गेलं.

आता यातला ४०० किलो स्वतः बाटलीत भरून ४५० रुपयांनी विकला असं धरू. बाटली, लेबल, तपासणी, दुकानदाराचं कमिशन यांत शंभर रुपये गेले, तरी किलोला ३५० उरतात, म्हणजे १,४०,०००. उरलेला ८५० किलो ठोकात, ९३,५००. एकूण २,३३,५००. तोट्याच्या जागी ४५,१०० रुपये नफा. त्यात पेट्या एका पिकावर परागीभवनासाठी हजार रुपये भाड्याने दिल्या तर ५०,००० वाढले. हंगाम सरताना जोरदार वसाहतींचं विभाजन करून पंधरा वसाहती दोन हजारांनी विकल्या तर आणखी ३०,०००. नफा झाला १,२५,१००. आणि पेट्यांपाशी राहणारा माणूस घरचाच असेल तर त्याचे ७२,००० घरातच राहतात.

माशा त्याच, मधही तेवढाच. बदललं ते एवढंच की माल कुणाला विकला आणि मधाखेरीज काय विकलं. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा हिशोब मात्र वहीत उतरवून ठेवा.

स्थलांतराची एक रात्र सांगते, म्हणजे ते साठ हजार कशाचे ते कळेल. माशा अंधार पडल्यावर सगळ्या घरी येतात, म्हणून दारं संध्याकाळी सातनंतर बंद करायची. दारावर जाळी, जेणेकरून हवा खेळती राहील. चौकटी हलू नयेत म्हणून पट्ट्या आवळायच्या. दोघांनी एकेक पेटी उचलायची, कारण ती तिरपी झाली तर ताजं पोळं तुटून राणी दबते. वीस-वीसच्या थरांत साठ पेट्या एका पिकअपमध्ये बसतात. आमचे दीर गाडी चालवतात. थांबायचं नाही, चहालाही नाही, कारण गाडी चालू असली की वारा लागतो आणि थांबली की पेटीच्या आत ऊब चढते. आत कोंडलेल्या माशा घाबरून आणखी गरम होतात. मेण मऊ पडतं. रस्त्यात गाडी बिघडून सूर्य वर आला तर सकाळपर्यंत पेट्यांच्या तळाशी ओल्या, काळ्या, मेलेल्या माशांचा थर असतो. पहाटे पाचच्या आत शेतात पोचून, पेट्या मांडून, दारं उघडली की पहिल्या माशा बाहेर येऊन पेटीकडे तोंड करून गोल-गोल उडतात. नवी जागा ओळखून घेत असतात. तेव्हा कुठे आम्ही बसतो.

भाव कोण ठरवतो

ठोक भाव इतका खाली का, हा प्रश्न रास्त आहे. दुकानात बाटली चारशे-पाचशेला आणि मधपाळाला शंभर-सव्वाशे, ही तफावत कुठून येते?

बाजारात येणारा बराचसा मध उत्तरेतला, मोहरीवरचा. डिसेंबर-जानेवारीत राजस्थानातल्या भरतपूर-अलवर पट्ट्यात हजारो पेट्या एकाच वेळी उतरतात आणि महिनाभरात सगळ्यांचा मध एकदम बाजारात येतो. विकत घेणारे मात्र मोजके, पॅकर आणि निर्यातदार. भारतीय मधाचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक अमेरिका, तिथली मागणी ढिली पडली की भाव इथे घसरतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी टनाला २,००० डॉलर हा किमान दर घातला. तेव्हाच्या विनिमय दराने किलोला साधारण १६५ रुपये. स्वस्तात माल बाहेर ढकलून भाव पाडू नयेत, हा हेतू होता. पण तो दर बंदरावरचा. शेतातल्या डब्यापासून बंदरापर्यंत गाळणी, पाणी उडवणं, तपासणी, वाहतूक सगळं मध्ये येतं.

भाव पाडणारी दुसरी गोष्ट भेसळ, आणि तिच्याबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. ऊस आणि मका ही झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीने धरून ठेवतात, तिला सी-४ म्हणतात. बहुतेक फुलझाडं धरतात ती पद्धत वेगळी, सी-३. दोन्हींच्या साखरेत कार्बनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण निराळं असतं. म्हणून मधात उसाच्या किंवा मक्याच्या साखरेचा पाक मिसळला तर प्रयोगशाळा तो पकडते. भारताच्या मानकात अशी सी-४ साखर जास्तीत जास्त ७ टक्के चालते. मग भेसळ करणाऱ्यांनी तांदळाच्या साखरेचा पाक आणला. भात सी-३ आहे, फुलांसारखाच, त्यामुळे त्या जुन्या तपासणीतून तो निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या २२ नमुन्यांपैकी सगळ्या चाचण्या पार करणारे फक्त पाच निघाले. त्यात एनएमआर ही महागडी चाचणीही होती. ती मधाच्या रेणूंची एकूण ठेवणच तपासते. त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी ती सक्तीची झाली होती.

आपल्या हिशोबात याचा अर्थ एवढाच : स्वस्त पाकाशी खऱ्या मधाला भावात स्पर्धा करता येत नाही. ठोक बाजारात तुम्ही माशांच्या मेहनतीची किंमत पाकाच्या किमतीशी लावत असता. बाहेर पडायची वाट ओळखीच्या गिऱ्हाइकाकडूनच जाते.

आणि त्या गिऱ्हाइकाला दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. एक, गोठलेला मध म्हणजे साखर घातलेला मध नव्हे. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन मुख्य साखरा. ग्लुकोजचं प्रमाण जास्त असेल, जसं मोहरी किंवा सूर्यफुलाच्या मधात असतं, तर तो लवकर दाणेदार होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ. आमच्याकडे थंडीत परत आलेल्या बाटल्या बहुतेक याच गैरसमजाच्या. दुसरी, मध जड असतो. एक लिटर मधाचं वजन सुमारे १.४ किलो भरतं. म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत किलोभर मध येतो. पाण्याच्या बाटलीवरून अंदाज घेणाऱ्याला आपण फसवतो आहोत असं वाटतं, म्हणून वजन करून दाखवावं.

मधपाळानेही एक पथ्य पाळायला हवं. माशा पातळ मकरंद आणून पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात, आणि मध पिकला की कोठडीवर मेणाचं पांढरं झाकण घालतात. मानकाप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांच्या वर नको. निदान पाऊण चौकट झाकल्याशिवाय मध काढायचा नाही, असा आमचा नियम आहे. मोह होतो. कच्चा मध लवकर काढला तर वजन जास्त भरतं, माशा पुन्हा लवकर भरतात, ठोक व्यापारीही घेतो, कारण त्याच्याकडे पाणी उडवायचं यंत्र असतं. पण असा मध बाटलीत भरला तर उन्हाळ्यात आंबतो, झाकण उघडलं की फस्स करून फेस येतो, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

डोंगळ्यांचं भाडं

कांद्याच्या बियाण्याचं पीक, म्हणजे डोंगळे, बुलढाणा-जालन्याकडे मोठ्या प्रमाणावर घेतात. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात आणि एकाच फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या स्वतःच्या कामी येत नाही. दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि ते काम माशीचं. माशी नसली तर गोंडा दिसायला भरगच्च, पण चोळला की फोलपटं. म्हणून तिथला शेतकरी पेट्या भाड्याने मागतो.

कलिंगड, काकडी, सूर्यफूल, डाळिंब या पिकांनाही माशीने फायदा होतो, पण भाडं द्यायची रीत अजून सगळीकडे रुळलेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांना दर फेब्रुवारीत वीस लाखांहून जास्त पेट्या लागतात आणि पेटीमागे साधारण दोनशे डॉलर भाडं मिळतं. तिथल्या कितीतरी मधपाळांचं घर मधापेक्षा या भाड्यावर चालतं. आपल्याकडे मात्र शेजारचा शेतकरी कधी कधी म्हणतो, "माझ्या फुलांतला मध नेता, तुम्हीच मला काहीतरी द्या." त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या शेताच्या एका कोपऱ्यात दोन पेट्या ठेवाव्यात आणि काढणीला फळं मोजायला त्यालाच सांगावं.

भाड्याचा करार करताना फवारणीचा मुद्दा सगळ्यात आधी मिटवायचा. फवारणी शक्यतो टाळायची, करावीच लागली तर दोन दिवस आधी सांगायचं आणि सूर्यास्तानंतर करायची. सकाळी फुलावर औषध पडलं तर दुपारपर्यंत पेटीच्या दाराशी माशांचा खच पडतो. तो दिवस मी एकदा पाहिला आहे. थरथरत, पाठीवर पडून पाय झाडणाऱ्या माशा पहारेकरणी ओढून बाहेर टाकत होत्या.

माहेरचा हिशोब

आबांच्या दहा पेट्यांना गाडी लागत नाही. महाबळेश्वर-जावळीच्या जंगलात गेळा, जांभूळ, हिरडा, पिसा एकामागून एक फुलतात, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवीचा डोंगर फुलतो. पेटीला सरासरी सहा किलो मध, म्हणजे साठ किलो. जंगलातल्या सातेरीचा मध म्हणून पाचशेचा भाव धरला तर तीस हजार. साखर, दुरुस्ती, पुन्हा पकडून आणलेल्या वसाहती यांवर चार हजार. उरले सव्वीस हजार. पेटीमागे पाहिलं तर हे उत्पन्न मेलिफेराच्या ठोक विक्रीपेक्षा कितीतरी बरं. पण दहाच्या तीस पेट्या केल्या तर तिप्पट मध मिळणार नाही. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच चरते, आणि तेवढ्या परिघातली झाडं तेवढीच असतात. शिवाय इथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आठ-आठ दिवस माशी दाराबाहेर पडत नाही. दहातल्या तीन वसाहती तरी निघून जातातच, आणि हिवाळ्यात ढोलीतून नव्या पकडाव्या लागतात.

या भागाला मधाची जुनी परंपरा आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे. तिथलं मांघर हे २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, नंतर कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव. मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण, साहित्यावर निम्मं अनुदान आणि मधाची हमी भावाने खरेदी या तिन्ही गोष्टी आहेत. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. केंद्राने २०२० मध्ये ५०० कोटींचं राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान सुरू केलं. माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट प्रशिक्षण, आणि लोक सगळ्यात कमी किंमत त्याचीच करतात. अनुदानात पेटी मिळते. जून ते सप्टेंबर त्या पेटीला काय खायला घालायचं, ते दहा दिवस वर्गात आणि पेटीपाशी बसूनच कळतं.

सुरुवात करायचीच असेल तर पेट्या घेण्याआधी वही घ्या. जिथे पेट्या ठेवणार त्या जागेभोवती दर पंधरा दिवसांनी किलोमीटरभर फिरा आणि काय फुललं आहे ते लिहा. बांधावरचा शेवगा, ओढ्याकाठचं करंज, मक्याचा तुरा, बाभूळ, रानतुळस, सगळं. वर्षभर. माशी कशावर बसली आहे आणि तिच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे कुठल्या रंगाचे आहेत, तेही लिहा. ज्या महिन्याचं पान कोरं राहील त्या महिन्यात एकतर साखर लागेल किंवा गाडी. कोरी पानं तीन असतील तर पाच पेट्यांनी सुरुवात करा. पाचाहून जास्त असतील तर त्या जागी मेलिफेरा ठेवू नका. वसाहती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणा, पाऊस सरल्यावर, पुढे फुलांचे महिने असताना. त्या वेळी वेडे राघूही फार असतात. तारेवर ओळीने बसून परतणाऱ्या माशा टिपतात, तेव्हा पेट्या विजेच्या तारांखाली मांडू नका. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंगळे चढत नाहीत.

आमच्या फलटणच्या वहीत जुलैच्या पानावर आठ वर्षं एकच नोंद आहे : साखर, दोन कट्टे. गेल्या वर्षी पहिल्यांदा त्याच्याखाली आणखी एक ओळ आली. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी बांधाला तीळ पेरले होते, आणि त्या महिन्यात आम्ही एकच कट्टा फोडला.